कथात्म साहित्यप्रकार आणि लेखकप्रकृती

कथा, दीर्घकथा, कादंबरी हे कथात्म साहित्याचे आकारभेद होत. सामाजिक, ऐतिहासिक, प्रादेशिक, विनोदी, रहस्यप्रधान, विज्ञाननिष्ठ इ. त्याचे आशयभेद होत. ह्यांपैकी कोणता प्रकार एखाद्या लेखकाच्या अंगभूत सामर्थ्याला व शैलीला मानवतो, हा प्रश्न लेखकाच्या दृष्टीने जितका निकडीचा तितकाच समीक्षकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. लेखकाला त्याचे उत्तर वेळेवर न सापडल्यास त्याच्या उमेदीची वर्षे वाया जातात. समीक्षकाला ते न सापडल्यास एका प्रकारच्या लेखनाला दुसऱ्या प्रकारची मोजमापे लावली जातात आणि गुण दोष म्हणून नोंदले जातात. मराठी कथात्म साहित्याच्या इतिहासात ह्या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

प्रस्तुत प्रश्नाचा विचार करताना दोन समजुती प्रथम बाजूला साराव्या लागतात. पहिली समजूत अशी, की लेखक आपला प्रकार आवडीनुसार निवडतो. वाचक म्हणून आवडणारा प्रकार आणि लेखक म्हणून साधणारा प्रकार हे एकच असतात, असे नाही. दुसरी समजूत अशी, की साहित्यप्रकारांत उच्चनीच क्रम असून समर्थ लेखकाने वरच्या पायरीकडे वाटचाल केली पाहिजे. प्रत्यक्ष इतिहास पाहता प्रकार हा निवडीने ठरत नाही व पायऱ्या चढूनही मिळत नाही. तो लेखनाच्या ओघात, बहुधा एखाद्या फसलेल्या प्रयत्नानंतर सापडतो आणि त्याची खूण लेखकाच्या संकल्पापेक्षा त्याच्या वाक्यांत अधिक स्पष्टपणे उमटलेली असते.

सैद्धांतिक भूमिका : भारतीय साहित्यशास्त्रात गद्यकथनाचे कथा व आख्यायिका असे दोन भेद भामहाने मानले. दंडीने ‘काव्यादर्शा’त ती एकाच जातीची दोन नावे आहेत असे सांगून हा भेद नाकारला. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ ही आख्यायिका, तर ‘कादंबरी’ ही कथा मानली जाते. ह्या दुसऱ्या ग्रंथाचे नावच पुढे मराठीत एका साहित्यप्रकाराचे नाव झाले. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त विचार कुंतकाचा आहे. ‘वक्रोक्तिजीविता’त त्याने सुकुमार, विचित्र व मध्यम असे तीन मार्ग सांगितले आणि पूर्वीच्या शास्त्रकारांप्रमाणे ते प्रदेशांवरून न ठरविता कविस्वभावावरून ठरविले. शक्ती, व्युत्पत्ती व अभ्यास ही तिन्ही स्वभावाला अनुसरतात, हे त्याच्या विवेचनाचे सूत्र आहे. कुंतकाचा विचार शैलीपुरता होता. तो साहित्यप्रकारापर्यंत वाढविता येतो.

पश्चिमेकडे बेनेदेत्तो क्रोचे ह्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यशास्त्रविषयक ग्रंथात साहित्यप्रकारांची कल्पनाच कलाविचाराला बाधक ठरविली. प्रत्येक कृती स्वतंत्र असल्यामुळे तिला कोणत्याही वर्गात बसविणे कृत्रिम आहे, असे त्याचे मत होते. परंतु लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी किती पृष्ठांत, कोणाच्या तोंडून व कोठल्या काळातले सांगावयाचे, हे ठरवावेच लागते. एडगर ॲलन पो ह्याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांची समीक्षा करताना एका बैठकीत वाचून होणाऱ्या कथेचे सामर्थ्य परिणामाच्या एकतेत पाहिले. तेव्हा आकार हा केवळ पृष्ठसंख्येचा प्रश्न नसून अनुभवाच्या जातीचा प्रश्न आहे, ही जाणीव स्पष्ट झाली. नॉर्थ्रप फ्राय ह्याने ‘ॲनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) ह्या ग्रंथात कथनात्मक गद्याचे चार प्रकार मानले : वास्तवदर्शी कादंबरी, अद्‌भुतरम्य कथन (रोमान्स), आत्मनिवेदन आणि विचारप्रधान विच्छेदक कथन (ॲनाटॉमी). एका प्रकारच्या ग्रंथाची परीक्षा दुसऱ्या प्रकारच्या निकषांवर करणे अन्यायाचे असते, हे त्याचे प्रतिपादन मराठी कादंबरीच्या समीक्षेलाही उपकारक ठरणारे आहे.

पाश्चात्त्य साहित्यातील उदाहरणे : सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) हा प्रथम कथाकाव्यांचा लोकप्रिय कवी होता. ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी त्याने काही प्रकरणे लिहून बाजूस ठेवली होती. बायरनच्या उदयानंतर काव्याच्या क्षेत्रात आपले स्थान टिकणार नाही, हे ओळखून त्याने ती पूर्ण केली आणि १८१४ मध्ये निनावी प्रसिद्ध केली. कादंबरी हा त्यावेळी कवीच्या प्रतिष्ठेला शोभणारा प्रकार समजला जात नव्हता, हे त्या निनावीपणाचे एक कारण होय. स्थानिक इतिहास, बोलीभाषा व सामान्य माणसांचे स्वभाव ह्यांविषयीचे त्याचे ज्ञान काव्याच्या छंदात पुरते मावत नव्हते. गद्याने त्याला वाव दिला.

जेन ऑस्टेन (१७७५–१८१७) हिचे उदाहरण ह्याच्या उलट टोकाचे आहे. १८१६ मध्ये राजपुत्राच्या ग्रंथपालाने तिला एका राजघराण्यावर ऐतिहासिक अद्‌भुतरम्य कथा लिहिण्याचे सुचविले. तिने उत्तरी कळविले, की तशी कथा गंभीरपणे लिहिणे आपल्याला जमणार नाही. आपण आपल्याच शैलीने व आपल्याच मार्गाने गेले पाहिजे. खेड्यातील तीनचार कुटुंबांच्या परिघात ती जे पाहू शकत होती ते दरबाराच्या भव्य पटावर हरवले असते, हे तिने अचूक जाणले होते. आपल्या मर्यादेचे इतके स्वच्छ ज्ञान फार थोड्या लेखकांना असते.

टॉमस हार्डी (१८४०–१९२८) ह्याला ते ज्ञान अडखळत मिळाले. त्याची पहिली कादंबरी प्रकाशित होऊ शकली नाही. प्रकाशनसंस्थेसाठी ती वाचणाऱ्या जॉर्ज मेरेडिथने त्याला अधिक कथानक असलेले काही लिहिण्याचा सल्ला दिला. हार्डीने तो अक्षरशः पाळला आणि ‘डेस्परेट रेमिडीज’ (१८७१) ही गुंतागुंतीची रहस्यमय कादंबरी लिहिली. ती समीक्षकांना फारशी रुचली नाही. पण तिच्यातील ग्रामीण माणसांच्या प्रसंगांची प्रशंसा झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ (१८७२) ह्या कादंबरीत त्याने ग्रामजीवन मध्यभागी आणले आणि त्याची वेसेक्स प्रदेशाची कादंबरी तेथून सुरू झाली. फसलेल्या कृतीत जो भाग जिवंत राहतो तोच लेखकाच्या खऱ्या प्रकाराकडे बोट दाखवितो, ह्याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

लेखकाचा स्वतःविषयीचा निर्णय चुकीचा असू शकतो, हे आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) ह्याच्या उदाहरणावरून दिसते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, विशेषतः ‘द व्हाइट कंपनी’ (१८९१), हेच आपले मोठे कार्य आहे, असे तो मानी. शेरलॉक होम्सच्या कथा त्या कार्यात अडथळा आणतात असे वाटून त्याने १८९३ मध्ये ह्या नायकाला मृत्यूच्या स्वाधीन केले. काही वर्षांनी वाचकांच्या आग्रहामुळे त्याला परत आणावे लागले. डॉइलचे बळ वेगवान प्रसंगात, दोन पात्रांच्या खटकेबाज संवादात आणि क्षुल्लक तपशिलाला अर्थ प्राप्त करून देण्यात होते. ऐतिहासिक कादंबरीत तोच तपशील माहितीचा साठा होऊन राही. रहस्यकथेत तो कथेचा कणा होई.

अंतॉन चेकॉव्ह (१८६०–१९०४) ह्याने विनोदी नियतकालिकांतील लहानलहान चुटक्यांपासून आरंभ केला. कादंबरी लिहिण्याचा त्याचा मनोदय अखेरपर्यंत सफल झाला नाही. परंतु पृष्ठमर्यादेच्या सक्तीतून आलेला संक्षेप हाच त्याच्या गंभीर कथांचा प्राण ठरला. कॅनडातील ॲलिस मन्‌रो (१९३१–२०२४) ह्या लेखिकेनेही कादंबरीचे प्रयत्न केले, पण तिची प्रतिभा कथेतच स्थिरावली आणि २०१३ मध्ये कथाकार म्हणूनच तिला नोबेल पारितोषिक मिळाले. अर्जेंटिनाचा बोर्हेस (१८९९–१९८६) ह्याने कादंबरी लिहिलीच नाही. कादंबरीवाचून लेखकाचे कार्य अपुरे राहते, ह्या समजुतीला ही तीन नावे पुरेसे उत्तर आहेत.

मराठी कथात्म साहित्य : मराठीत ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) ह्या कृतींनी अनुक्रमे सामाजिक, अद्‌भुतरम्य व ऐतिहासिक अशा तीन वाटा घालून दिल्या. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांनी सामाजिक व ऐतिहासिक ह्या दोन्ही वाटांनी लेखन केले. तथापि दोहोंतील त्यांचे यश सारखे नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९३) ह्या कादंबरीत यमूच्या निवेदनातून घरातील बायकांचे बोलणे, रुसवेफुगवे व धाक ह्यांचे जे जग उभे राहते, त्यामागे ऐकलेल्या भाषेचा भक्कम आधार आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत हा आधार नाही. तेथे कथानकाचा वेग व स्वदेशाभिमान त्याची जागा घेतात. ‘करमणूक’ (१८९०) ह्या पत्रातील क्रमशः प्रकाशनामुळे आपट्यांच्या लेखनात पाल्हाळ आला, असे म्हटले जाते. परंतु घरगुती जीवनाच्या संथ कालगतीला तो पाल्हाळ पुष्कळदा पोषकच ठरला आहे.

वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) ह्यांच्या बाबतीत मराठी समीक्षेने दीर्घकाळ एकच आक्षेप नोंदविला : ‘रागिणी’त (१९१५) कथानक शिथिल आहे आणि चर्चा फार आहेत. वास्तवदर्शी कादंबरीच्या मापाने हा आक्षेप खरा आहे. परंतु वामन मल्हारांचे बळ माणसे प्रत्यक्ष घडविण्यात नसून मतांना माणसांचे स्वर देण्यात आहे. दोन्ही बाजू सारख्याच सहानुभूतीने मांडणारे त्यांचे मन हे फ्रायने सांगितलेल्या विचारप्रधान कथनाला जवळचे आहे. ह्या बळाला शोभणारी रचना त्यांना ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) ह्या कादंबरीत सापडली. ती पत्ररूप आहे. पत्रात मनुष्य स्वाभाविकपणेच विचार मांडतो, शंका काढतो, उत्तराची वाट पाहतो. त्यामुळे ‘रागिणी’त कथानकाला थांबवून येणारी चर्चा येथे स्वतःच कथानक होते. हा शोध लागण्यास एकोणीस वर्षे जावी लागली. त्या काळातील टीका केवळ कथानकाची उणीव दाखविण्यावर न थांबता लेखकाच्या खऱ्या बळाकडे वळली असती, तर तो कदाचित लवकर लागला असता.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) ह्यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) ह्या ग्रंथाने कथा-कादंबरीच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा मराठीत रूढ केली. तिचा लाभ अनेकांना झाला. परंतु प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू व शेवट ह्यांचे जे तंत्र फडक्यांच्या स्वतःच्या प्रसन्न, नेटक्या शैलीला शोभे ते सर्वांना सारखेच शोभेल, असा समज त्यातून पसरला. तंत्र शिकता येते. ते कोणाच्या हातात बसेल हे मात्र हातावरून ठरते.

वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) ह्यांची भाषा उपमा-रूपकांनी भरलेली, सुभाषितांकडे झुकणारी व ध्येयवादी होती. सामाजिक कादंबरीत हीच भाषा पात्रांवर ओझे होऊन बसते : कारकून, शिक्षक व कार्यकर्ते सारेच खांडेकरांच्या वाक्यांत बोलू लागतात. रूपककथेच्या छोट्या आकारात मात्र ती निर्दोष वाटते, कारण तेथे पात्रे मुळातच प्रतीके असतात. ‘ययाति’मध्ये (१९५९) खांडेकरांनी पुराणकथा घेतली आणि पात्रांच्या आत्मनिवेदनांतून ती सांगितली. राजा, राण्या व ऋषिपुत्र ह्यांच्या तोंडी अलंकृत चिंतन विसंगत वाटत नाही. रूपककथाकार व कादंबरीकार ह्यांची येथे प्रथमच पूर्ण गाठ पडली. ‘हृदयाची हाक’ (१९३०) ही त्यांची पहिली कादंबरी आणि ‘ययाति’ ह्यांत जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या ह्या लेखकाची भाषा बदललेली नव्हती. तिला योग्य असा विषय व प्रकार भेटला होता.

रणजित देसाई (१९२८–९२) ह्यांच्या बाबतीतही असेच काही घडले. आरंभीच्या ग्रामीण कथांत व ‘बारी’ (१९५९) ह्या कादंबरीत त्यांचे निरीक्षण दिसते. पण उदात्त करुण भाव, संयत संवाद व दृश्यांची श्रीमंती हे त्यांचे विशेष ‘स्वामी’तील (१९६२) पेशवाईच्या वातावरणातच पूर्णपणे फुलले. समकालीन विषयात जे भावविवश वाटले असते, त्याला इतिहासाच्या अंतराने भारदस्तपणा दिला.

प्रादेशिक व ग्रामीण साहित्यात श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) आणि व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) ह्यांची तुलना उद्‌बोधक आहे. दोघांचाही आरंभ माणसांच्या चित्रणातून झाला : पेंडशांचे पहिले पुस्तक ‘खडकावरील हिरवळ’ (१९४१) हे व्यक्तिचित्रांचे, माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (१९४९) हेही व्यक्तिचित्रांचेच. तेथून वाटा वेगळ्या झाल्या. पेंडशांना माणसाच्या हट्टाचे दीर्घकाळ चालणारे परिणाम पाहण्यात रस होता. असा हट्ट समाजाशी टक्कर घेत वर्षानुवर्षे वाढावा लागतो. त्याला कथेचा अवकाश अपुरा. म्हणून ‘गारंबीचा बापू’ (१९५२) व ‘रथचक्र’ (१९६२) ह्यांसारख्या कादंबऱ्याच त्यांच्या हातून समर्थपणे घडल्या. माडगूळकरांचे वाक्य आखूड, पाहिलेले तेवढेच सांगणारे, भाष्य टाळणारे आहे. अशा वाक्याने मोठे कथानक ओढून नेता येत नाही. ‘बनगरवाडी’त (१९५५) त्यांनी तो प्रयत्न केलाही नाही. तरुण शिक्षकाच्या नजरेने वाडीतील एकेक माणूस येतो, आपली हकीकत ठेवून जातो आणि शेवटी दुष्काळाने वाडीच उठते. व्यक्तिचित्रकाराने आपली रीत न सोडता कादंबरी कशी लिहावी, ह्याचे उत्तर त्यांनी कथानकाऐवजी गावाला नायक करून दिले. प्रकार लेखकाला घडवितो तसा लेखकही प्रकाराला वाकवितो, हे ह्यावरून दिसते.

नवकथेच्या कालखंडात कथेला स्वतःची प्रतिष्ठा लाभली. ‘सत्यकथा’ ह्या मासिकाचा त्यात मोठा वाटा होता. अरविंद गोखले (१९१९–९२) ह्यांनी आपली निष्ठा कथेलाच वाहिली. गंगाधर गाडगीळ (१९२३–२००८) ह्यांनी कादंबरीही लिहिली. परंतु मनातील क्षणिक गुंते टिपणारी त्यांची दृष्टी ‘लिलीचे फूल’ (१९५५) ह्या कादंबरीपेक्षा त्यांच्या कथांतच अधिक तीक्ष्ण आहे.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) ह्यांचे उदाहरण सर्वांत विचारप्रवर्तक आहे. ‘निळासावळा’ (१९५९) पासून पुढे सातत्याने त्यांनी कथाच लिहिली. इंग्रजीतील कादंबऱ्यांची त्यांनी मराठीत भाषांतरे केली. म्हणजे त्या प्रकाराविषयी अनास्था होती असे म्हणता येत नाही. कारण त्यांच्या अनुभवाच्या जातीत शोधावे लागते. जी. एं.च्या कथेत माणसाची नियती आधीच ठरलेली असते व कथा त्या निर्णयापर्यंत पोचण्याचा प्रवास असते. कादंबरीतील रोजच्या दिवसांचा काळ, त्यातील योगायोग व निवडीच्या संधी ह्या जाणिवेला पातळ करतात. ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ ह्या कथा आकाराने लघुकादंबरीच्या जवळ जातात. पण त्या कादंबरीकडे न वळता दृष्टांताकडे वळतात. पात्रांना ओळखीचा गाव वा काळ राहत नाही आणि कथेची लांबी प्रसंगांच्या प्रतीकात्मक पुनरावृत्तीने वाढते. कथेच्या मर्यादेत राहूनच त्यांनी एक नवा प्रकार सिद्ध केला. भालचंद्र नेमाडे ह्यांनी कथेला कादंबरीहून कनिष्ठ प्रकार ठरविले, तो निर्णय ‘कोसला’च्या (१९६३) लेखकाच्या प्रकृतीशी सुसंगत आहे. पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याचा पसरट, स्वतःलाच खोडून काढणारा ओघ कथेत मावणारा नाही. परंतु एका लेखकाच्या प्रकृतीचा निष्कर्ष सर्व साहित्याचा नियम म्हणून स्वीकारला, तर जी. एं.सारख्या लेखकाला न्याय देणे अशक्य होते.

कथा व कादंबरी ह्यांच्या मधला आकार गौरी देशपांडे (१९४२–२००३) ह्यांनी समर्थपणे हाताळला. ‘एकेक पान गळावया’तील (१९८०) तिन्ही दीर्घकथांत एका स्त्रीच्या नात्यांचा हिशेब होतो, पण तिचा सारा समाज उभा करण्याची गरज लेखिकेला भासत नाही. बुद्धिमान, तिरकस आत्मसंवादाला एवढाच अवकाश हवा होता.

उपेक्षित प्रकार : प्रकारांच्या प्रतिष्ठाक्रमाचा सर्वाधिक फटका लोकप्रिय प्रकारांना बसला. बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) ह्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार व काळा पहाड ही त्यांची पात्रे घरोघरी माहीत होती. सोपे शब्द, प्रकरणाच्या शेवटी टिकविलेली उत्कंठा आणि कधीही न मंदावणारा वेग हे गुण त्यांना लाभलेले होते व त्या गुणांचा नेमका उपयोग करणारा प्रकार त्यांनी धरला. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी भयकथेत अशीच निष्ठा दाखविली. ह्या लेखनाची मर्यादा उघड आहे. पण ती मर्यादा सांगण्यापूर्वी त्या प्रकारात लेखकाने काय साधले, हे पाहण्याचे कष्ट समीक्षेने क्वचितच घेतले.

अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) हे शाहीर होते. पोवाडा व लोकनाट्य ह्यांतून त्यांची वाणी घडली. ‘फकिरा’तील (१९५९) प्रसंगांची झेप, नायकाचे ठसठशीत शौर्य व भावनांचे उघड आवाहन हे श्रोत्यांसमोर उभे राहून कथन करणाऱ्याचे गुण आहेत. मनोविश्लेषक कादंबरीच्या निकषांवर ते भडक ठरतात. वीरकथेच्या निकषांवर तेच तिचे सामर्थ्य ठरते.

विज्ञानकथेच्या क्षेत्रातील एक घटना येथे नोंदण्यासारखी आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठविली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा आधार न घेता कथेची परीक्षा व्हावी, हा त्यामागील हेतू होता. नारळीकरांच्या कथांत पात्रे बेताचीच रंगविलेली असतात; एका वैज्ञानिक कल्पनेतून निघणारा एक परिणाम साध्या भाषेत शेवटपर्यंत नेणे, हे त्यांचे कौशल्य होय. स्वभावचित्रणावर भर देणाऱ्या प्रकारात जी उणीव ठरली असती ती येथे काटकसर ठरते.

निकष : वरील उदाहरणांवरून काही निकष हाती येतात. पहिला, काळाचे माप : लेखकाचे लक्ष एका क्षणाच्या उलगड्याकडे जाते, की वर्षांच्या साचण्याकडे? दुसरा, आकर्षणाचे केंद्र : व्यक्ती, स्थळ, घटना व विचार ह्यांपैकी कशाचे वर्णन करताना त्याची भाषा आपोआप दाट होते? तिसरा, वाक्याची जात : आखूड निरीक्षणपर वाक्य, लांबत जाणारे आत्मगत वाक्य, अलंकृत वाक्य व ऐकू येणारे वाक्य ह्यांना वेगवेगळे प्रकार मानवतात. चौथा, ज्ञानाचा साठा : ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक लेखनात माहिती मिळविता येते, पण ती कथेत विरघळेल एवढी अंगवळणी पडलेली असावी लागते. पाचवा निकष अपयशाचा. फसलेल्या कृतीतील कोणता भाग वाचकाच्या लक्षात राहिला, हे पाहणे यशस्वी कृतीच्या विश्लेषणाइतकेच उपयुक्त असते. हार्डीच्या बाबतीत हा निकष निर्णायक ठरला. लेखकाच्या स्वतःच्या मताला मात्र ह्या निकषांत शेवटचे स्थान द्यावे लागते, हे डॉइलच्या उदाहरणावरून उघड आहे.

नियतकालिके, दिवाळी अंक व प्रकाशक ह्यांचा प्रभावही विचारात घ्यावा लागतो. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेने मराठी कथेला व पुढे दीर्घकथेला हक्काची जागा मिळवून दिली. परंतु उपलब्ध जागेनुसार लिहिण्याच्या सवयीमुळे कादंबरीचा ऐवज कथेत कोंबला जाणे व कथेचा ऐवज लघुकादंबरीपर्यंत ताणला जाणे, हे दोष निर्माण झाले. पुरस्कार व अभ्यासक्रम ह्यांतून कादंबरीला मिळणाऱ्या अग्रमानामुळे चांगल्या कथाकारांवर कादंबरीची अपेक्षा लादली जाते. अशा अपेक्षेतून लिहिलेल्या कादंबऱ्यांत पहिली शंभर पृष्ठे कथाकाराची आणि उरलेली कोणाचीच नसतात, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही.

मर्यादा : प्रकृती व प्रकार ह्यांचा संबंध यांत्रिक मानणे चुकीचे होईल. काही लेखक एकाहून अधिक प्रकारांत समर्थ असतात. काहींची प्रकृतीच वयपरत्वे बदलते. एकदा सापडलेला प्रकार हा पुढे सवयीचा साचा होऊन बसण्याचा धोकाही आहे. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीच्या मराठीतील असंख्य अनुकरणांत हा साचाच तेवढा शिल्लक राहिलेला दिसतो. माडगूळकर, जी. ए. आणि वामन मल्हार ह्यांनी प्रकार जसा मिळाला तसा स्वीकारला नाही; आपल्या वाक्याला पेलेल एवढे रूप त्यांनी त्याला दिले. म्हणून समीक्षकाने लेखकाला विचारावयाचा प्रश्न ‘कादंबरी केव्हा लिहिणार?’ हा नसून, त्याच्या हाती असलेल्या बळाला ह्या कृतीत पुरेसा वाव मिळाला की नाही, हा आहे. मराठीतील कथाकार, रहस्यकथाकार व शाहिरी परंपरेतील कादंबरीकार ह्यांचे पुनर्मूल्यमापन ह्या प्रश्नापासून सुरू होऊ शकते.